हौसाचं वळण

नकोशी : ह्या वळणाच्या म्होरं, समर्थ. डायवरला सांग, थांबीव म्हणावं.

समर्थ : हळू बोल आई. मागं सगळा स्टाफ बसलाय.

नकोशी : घरी व्हय म्हणालास. घाटात म्हणालास, थांबू. आता समुद्र दिसाया लागला तरी तुझं तोंड उघडंना.

(जळोचीच्या एका शाळेतल्या शिक्षकांची, घरच्यांसह एक दिवसाची सहल. पहाटे तीनला निघालेली मिनीबस श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राकाठच्या डोंगररस्त्यावर पोचली आहे. खिडकीशी नकोशीबाई, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. शेजारी मास्तर झालेला तिचा लेक, पुढे ड्रायव्हरजवळ मुख्याध्यापिका विजयमाला मॅडम. बाईला ना समुद्राचं कौतुक ना डोंगराचं, ती आली आहे एका वळणासाठी.)

समर्थ : काय सांगू मॅडमना? माझी बहीण हितं पुरलीय म्हणून?

नकोशी : व्हय, तसंच सांग. हौसा म्हण. माझ्या बापाला पोरगी नको हुती, म्हणून मी नकोशी. मला हवी हुती, म्हणून ती हौसा. दोन वर्साची झाली आन तापानं गेली.

समर्थ : मग इचारतील, निरवांगीची माणसं हितं कशाला आलती? मेंढरं घिऊन पायी, हे सांगू? मी शाळंत बागायतदार म्हणून सांगितलंय.

नकोशी : मेंढरं इकून तुला मास्तर केला. आता त्यांचीच लाज व्हय?

समर्थ : लहानपणी वर्गात मला मेंढक्या म्हणायची पोरं. रोज. तू न्हवतीस ऐकायला.

नकोशी : न्हवते. मेंढरांमागं हुते, तुझ्यासाठीच.

विजयमाला मॅडम : काय आजी, समुद्र पहिल्यांदाच बघताय ना?

समर्थ : पहिल्यांदाच, मॅडम.

विजयमाला मॅडम : मग इथं थांबूच या. केवढं सुंदर वळण आहे! ड्रायव्हर, दहा मिनिटं घ्या. उतरा सगळे, फोटो काढा.

नकोशी : बघ. परक्या बाईनं थांबवली, तुझ्यानं झालं न्हाय.

समर्थ : उतर आता. सांभाळून.

नकोशी : हितंच रं. ह्यो करंजाचा बुंधा. तोडलं वाटतं झाड. बुडाला दगड रोवला हुता तुझ्या बापानं.

समर्थ : आता फरशी घातलीय. दगड कुठला ऱ्हातोय?

नकोशी : फरशीवर ठिवते मग.

समर्थ : काय आणलंयस?

नकोशी : खोबरं, गूळ. आन बारक्या मापाच्या हिरव्या बांगड्या. कासार म्हणला, नातीला का? म्हणलं, लेकीला.

समर्थ : आई, आत ठेव ते. सगळी बघत्यात. हितंच उभी ऱ्हा, तुझा फोटो काढतो. जरा हस.

नकोशी : तिच्या अंगावर उभं करून हसाया सांगतूस?

विजयमाला मॅडम : अय्या, किती गोड बांगड्या! कुणाला, आजी?

समर्थ : आमच्या प्रतिक्षाला, मॅडम. माझ्या मुलीला.

विजयमाला मॅडम : छान. चला, बसा सगळे. उशीर होतोय.

नकोशी : अकरा वर्सं आलो ह्या वाटंनं. कोकरू चुकलं तर तुझा बाप बिरू दोन कोस माघारी जायाचा. मेंढरं-माणसं मोजून भरल्याबिगर तळ हलवायचा न्हाय. एकदाच हलवला, हितनं. मरस्तवर झोपंत मोजायचा रं तुझा बाप, आन दचकून उठायचा.

समर्थ : पुरे आता. दे ती पिशवी, चढ वर.

विजयमाला मॅडम : आले का सगळे? समर्थ सर, तुमच्याकडचे?

समर्थ : आलो, मॅडम. आई आणि मी, दोघंच.

नकोशी : एक ऱ्हायली, बाई.

विजयमाला मॅडम : कोण राहिलं?

समर्थ : कोणी नाही, मॅडम. आईला नीट ऐकू येत नाही. सोडा गाडी.