अक्कांचा फोन आम्ही बंद केला

अक्कांसाठी जमलेल्या माउल्यांनो, नाना, भाऊ आणि धुळ्याहून आलेली आमची सुनंदा,

सतरंज्या देवळातल्याच आहेत, त्यांचं भाडं पडलं नाही. चहाचं दूध वरच्या आळीतून आलं, त्यांनी पैसे घेतले नाहीत. हार मंडळाच्या पैशातून आले. भजनी मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो म्हणून तेवढं सांगितलं. पुढचं सांगायला जीभ उचलत नाही. तरी सांगते.

सुनंदा, परवा तू रडताना म्हणालीस, "माय माझ्यावर रुसूनच गेली. मी तिला रोज फोन करू नको म्हटलं, तर तिनं फोन करायचाच सोडला." मी तुझ्या पाठीवरून नुसता हात फिरवत होते. बाई, तुझी आई रुसली नव्हती. तिचा फोन बंद झाला होता. तो आम्ही बंद केला.

अक्कांना तुम्ही सगळे ओळखता. माहेर भडगावकडचं, चाळीस वर्षं आपल्या असोद्यात काढून बोली तिकडची, अहिराणीच. पहाटे काकड्याच्या आधी फोन वाजायचा. "आज एकादशी शे. साबुदाणा भिजाडा का?" चतुर्थीला चंद्र किती वाजता उगवणार, त्यासाठी फोन. शेतातली लाईट दिवसा आहे की रात्री, त्यासाठीही फोन. एका घरचा झाला की दुसऱ्या घरी. बठ्ठ्या गावाला, एकूण एक घराला उठवायचा मक्ता त्यांनी घेतला होता. आणि आम्ही काय म्हणायचो? आमच्या शोभाताई म्हणायच्या, "देवाला जाग येत नाही तेवढ्यात अक्कांना येते."

भजन संपल्यावर एकदा शोभाताईंनीच मोबाईल दाखवला. कर्जवाले, प्लॉटवाले सारखे फोन करतात ना, त्यांची तक्रार करायची सोय सरकारने केली आहे, म्हणाल्या. नंबर टाकायचा, कारण निवडायचं, बटण दाबायचं. आणि हसत हसत म्हणाल्या, "चला, अक्कांनाच सरकारी नोटीस पाठवू." सगळ्या हसलो. शोभाताईंनी बटण दाबलं. मग जिच्या तिच्या मोबाईलवरून जिनं तिनं दाबलं. मीही दाबलं. देवासमोर बसून दाबलं. गंमत म्हणून.

आम्हाला काय ठाऊक, की तिकडे गंमत मोजत नाहीत? थोड्याच दिवसांत एकाच नंबरच्या बऱ्याच तक्रारी आल्या, की हा माणूस धंद्याचे फोन करतो असं धरतात आणि त्याचे जाणारे फोन बंद करतात. नियम मी नंतर विचारून घेतला. नियमाला मी नावं ठेवणार नाही, अशा फोनांनी फसलेली माणसं माझ्या नात्यात आहेत. पण तक्रार करणारा खरं बोलतोय, या भरवशावर तो नियम उभा आहे. आम्ही खोटं बोललो.

पहाटेचे फोन थांबले. खरं सांगू? पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मग एका दुपारी बाजरीची भाकरी अर्धी खाऊन झाली आणि कॅलेंडरकडे लक्ष गेलं. एकादशी होती. इतक्या वर्षांत माझी एकादशी मोडली नव्हती.

त्याच संध्याकाळी अक्का आल्या. घरात वाचायचं काही आलं की लोक माझ्याकडे आणतात, मी मॅट्रिक आहे म्हणून. मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, "मना फोन काबर लागत नही वं? आत कोणी बाई इंग्रजीत बोलस." मी मेसेज उघडला. माझं इंग्रजी तेवढ्यापुरतं पुरलं. तक्रारी आल्या आहेत, सेवा बंद केली आहे, चूक झाली असेल तर कळवा. म्हणजे कळवता येत होतं. मीच लिहून दिलं असतं तर काम होण्यासारखं होतं.

पण मग अक्कांनी विचारलं असतं, तक्रार कोणी केली?

मी म्हणाले, "अक्का, तुमच्या कंपनीचा टॉवर बिघडला आहे. रेंज नाही."

त्यांनी एका शब्दाने शंका घेतली नाही. फक्त म्हणाल्या, "सुनंदाले फोन करना व्हता. तिले मी जरा जास्तच बोलनू." मी माझा फोन पुढे केला. त्यांनी मान हलवली. "पोरनी माफी मागनी शे. तुनासमोर कशी मागू? रेंज येऊ दे, मंग बोलसू."

ऐकलंस ना, सुनंदा? माफी त्यांना मागायची होती. तुझी.

त्यानंतर रोज उन्हं उतरली की त्या गच्चीवर जायच्या. मोबाईल वर धरून गिरणीच्या बाजूला एकदा, देवळाच्या बाजूला एकदा. मी माझ्या ओट्यावरून बघायचे. तांदूळ निवडत बसायचे आणि बघायचे. हाक मारून खरं सांगायला दोन घरांचं अंतर होतं. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. आणि एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंतही त्या राहिल्या नाहीत.

मंडळातल्या बायांनो, माना खाली घालू नका. बटण सगळ्यांनी दाबलं, पण टॉवरचं खोटं माझं एकटीचं आहे. ते मी कोणाच्या वाट्याला घालत नाही. देवापुढे रोज दिवा लावते, हात जोडते. काय मागू त्याच्याकडे?

आता सगळ्यांनी उभं राहावं. दोन मिनिटं शांत राहू. प्रत्येकीने मनातल्या मनात अक्कांशी जे बोलायचं असेल ते बोलावं.

आणि सुनंदा, तुला आज काही बोलायची सक्ती नाही. तू माझ्याशी बोललीस तर मी रडेन, आणि मला रडताना पाहून तू तुझा राग गिळशील. तसं नको. धुळ्याला जा, शांत हो, आणि मग एक कार्ड टाक. या बाईला पुन्हा तुझ्या आईच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा हक्क आहे की नाही, एवढंच लिही. नाही असेल तर नाही लिही. पण मला टपालाने कळव.