तारखेची जागा मोकळी

नाही, चहा नको वकीलसाहेब — आणि तो पंखाही राहू दे, कागद उडतील. हां, तर मला वाटलं होतं, काकांच्या शर्टांच्या कारखान्यात नुसती पिळवणूक दिसेल. परदेशातून कामगार कायदा शिकून आलेली मी — कंबर कसूनच उतरले होते! आणि दिसलं काय? प्यायला थंड पाणी, पगार एक तारखेला. लढायला आले आणि शत्रूच सापडेना! काका म्हणाले, ‘बाळ, आपण आजवर एकालाही काढलेलं नाही. जो गेला, तो आपणहून गेला.’ मी हे अभिमानानं मैत्रिणींना कळवलं — हसू नका, खरंच कळवलं.

आता ती काजवाली. नऊ वर्षं शर्टांना काजं करत होती. ती म्हणते, बाळंतपणाची रजा मागितली तर घरी बसवलं. आपण म्हणतो, तिनं बारा तारखेला राजीनामा दिला, ही बघा सही. आणि उद्या मी कोर्टात शपथेवर सांगायचं, माझ्यासमोर दिला. तसा माझ्यासमोर नाही — पण काका म्हणतात, ‘एचआर तू बघतेस, म्हणजे तुझ्यासमोरच की!’

बरं, चौदा तारखेला तिला ‘महिन्याची आदर्श कामगार’ म्हणून प्रशस्तिपत्र कुणी दिलं? मीच! आदर्श कामगारांचे फोटो लावायच्या फलकाची हौस माझी, फोटोखालची तारीख माझ्या अक्षरात, सही काकांची. राजीनामा देऊन दोन दिवसांनी बाई फोटोत हसतेय — कशाला? काल काकांनी फलक उतरवला. ‘अडगळ झाली होती’ म्हणे. तो ठेवायला मी कपाट उघडलं, तर आत एक पिवळी फाइल. एकशे सदतीस राजीनामे! रुजू झाल्या दिवशीच घेतलेले — सही आहे, तारखेची जागा मोकळी. काकांसमोर आपटली, तर पापणी हलेल तर शपथ. ‘कोर्टकचेरीचा धोका नको, म्हणून वकीलसाहेबांनीच सुचवलं होतं,’ म्हणाले — असू दे, असू दे, तुम्ही चष्मा पुसा, मी काही विचारत नाहीये.

मी म्हटलं, ‘बिचाऱ्यांना वाचता येत नाही म्हणून फसवलंत!’ केवढ्यांदा म्हटलं, बाहेरच्या शिलाई मशिनी थांबल्या. काका शांतपणे म्हणाले, ‘शेवटून तिसरा कागद बघ.’

माझा होता. हो, माझाच! पहिल्या दिवशी त्यांनी चार कागद पुढे केले आणि मी कामगारांच्या हक्कांवर बोलत बोलत चारही ठिकाणी सही ठोकली. पदवी भिंतीवर लावायची राहिलीय अजून. राहू दे आता.

तर आज सकाळी ठरवलं. माझा कागद काढला आणि आजची तारीख टाकली — माझ्या हातानं. त्या गठ्ठ्यात सही करणाऱ्यानं स्वतः तारीख टाकलेला हा एकच. ही तुमची प्रत. उद्या साक्षीला येणार, अगदी वेळेवर — फक्त जे घडलं ते सांगणार. फाइल? ती फलकासकट काजवालीच्या वकिलांकडे पोचलीसुद्धा.

नका, काकांना फोन नका लावू. खाली गाडीतच बसलेत. तुम्ही माझ्याकडून साक्ष घोकून घेताय, असं वाटतंय त्यांना. तुम्हीच जाऊन सांगा — सल्ला तुमचा होता ना? मागचा जिना कुठंय?