जहऱ्याचं दमेकरी पापलेट

...आणि वर मलाच विचारतात, "मजीद, तुझा मासा धापा का टाकतो?" अहो, मी शिडं शिवणारा माणूस! दाभोळला वीस वर्षं गलबतांची शिडं शिवली, इथे कुवेतला तीन वर्षं तंबू शिवतोय, मला काय ठाऊक मासे कसे फुगवतात? पण आमचा अरबाब, म्हणजे दुकानाचा मालक हो, त्याने कुठल्याशा मासिकात रबरी हत्ती पाहिला, त्यात इथल्या जहरा गावच्या मैदानावर प्रदर्शन भरणार, झालं, अंगातच आलं त्याच्या! "मजीद! बडा झुबैदी बनाओ! घर जितना! अंदर हवा!" झुबैदी म्हणजे आपलं पापलेट. म्हटलं, "अरबाब, मी शिडं शिवणारा माणूस..." तर म्हणतो, "मा फी मुश्किल!" म्हणजे काही अडचण नाही! "मछली खडा, तुम छुट्टी!"

छुट्टी! तुम्हाला सांगतो, तिथेच विरघळलो मी. तीन वर्षांत घर पाहिलेलं नाही, थोरल्या लेकीचा, असमाचा, निकाह पुढच्या महिन्यात, मुंबईची बोट पंधरा दिवसांनी... बसलो दाभण घेऊन! रबर लावलेली ताडपत्री, दुहेरी शिवण, टाक्याला टाका चिकटलेला, असं काम बापजन्मात केलं नव्हतं. आणि हवा भरली तर? फुस्स! अहो, टाका तिथे भोक! जितकी बारीक शिवण तितकी भोकं जास्त! शिडातून थोडा वारा गेला तर कोण विचारतो? इथे आख्ख्या पापलेटाची चाळणी! सोल्युशन फासलं, ठिगळं मारली, पण एक भोक बुजवावं तर शेजारची चार शिट्ट्या मारतात!

शेवटी आमच्या गावचा रफीक, मीना अल-अहमदी बंदरात ट्रक चालवतो, तो म्हणाला, "मजीदभाई, भोकं कसली बुजवताय? जाईल तेवढी हवा भरत राहा की!" कुठूनसा दांडगा पंखा आणला त्याने आणि बसवला शेपटीत. आता पंखा जोरात फिरला की पापलेट टम्म, पंखा खोकला की गाल आत, तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय... म्हटलं, मेलो, गेली छुट्टी! तर पोरं नाचायलाच लागली, "हय्य! हय्य!" म्हणजे जिवंत आहे! म्हातारे आले, पोलीस आले, सगळे त्या माशाचा श्वास बघत उभे!

मी तसाच पेटी बांधून अरबाबकडे. "अरबाब, मछली खडा." त्याने मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. "मजीद! प्रदर्शन और तीन महिना!"

"अरबाब, माझी मुलगी... आणि मी शिडं शिवणारा माणूस, दुसरा कोणी..."

"दूसरा कौन जानता? तुम गया, मछली मरा!"

बोट गेली परवा. धक्क्यावर उभा राहून रडलो हो, लाज कसली त्यात? मग घरी पत्र धाडलं. निकाह उरकून घ्या म्हटलं. काझीसाहेबांनी विचारलं, मुलीचा बाप कुठाय, तर सांगा, कुवेतला आजाऱ्याच्या उशाशी बसलाय... खोटं कुठाय त्यात?