अर्धं जावळ

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी रोह्याला माझ्या माहेरी न्हाव्याने वस्तरा काढला आणि मी कॅमेरा डोळ्याला लावला. ह्यांनी मस्कतहून खेळण्यातला रीळवाला कॅमेरा पाठवला होता. पोराला त्यांनी अजून पाहिलंच नव्हतं. चिठ्ठीत एवढंच, "जावळासकट फोटो हवेत."

पोरगा मामाच्या मांडीवर रडत होता. प्रत्येक फोटोनंतर रीळ पुढे सरकवायला चाक फिरवायचं असतं, ते विसरू नये म्हणून मी मोठ्याने आकडे म्हणत होते.

आई म्हणाली, "गो, आकडे कसले मोजतेस, पोराच्या तोंडात काय हाय ते बघ."

मी बोट घालून काढलं, तर कॅमेऱ्याच्या काचेवरचं काळं झाकण. घशात गेलं असतं तर!

भाऊ म्हणाला, "आत्ताच कॅमेऱ्यावरनं पडलं. गप बसंल म्हणून मीच दिलं त्याला."

म्हणजे आधीचे आठ फोटो झाकण लावूनच काढले होते. बघायचं भोक वेगळं असतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तोवर अर्धं डोकं भादरून झालेलं.

पेणच्या फोटोवाल्याने रीळ धुतलं. "वहिनी, पहिल्या आठात काय नाय," म्हणाला. उरलेले चार मी भीत भीत मस्कतला पाठवले.

ह्यांचं उत्तर आलं, "निम्मं जावळ पाहिलं. उरलेलं निम्मं तसंच असेल असं धरून चालतो."

तुमच्या ओळखीत कोणाकडे असला कॅमेरा आणि रांगतं पोर असेल, तर एवढं कळवा. झाकण आधी काढा आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवा.