शून्याची परीक्षा

मुलगी: बाबा, अजून काय काय बंद केलंत?

बाबा: दिवे, पंखा, टीव्ही, पाण्याची मोटर. फ्रिजसुद्धा. तूच म्हणालीस ना, विजेचा गुणगुणाट आत शिरतो.

मुलगी: अहो, ती परीक्षा सकाळीच झाली. तोच पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट मी मुद्दाम दोन्ही तारांवर सोडला. वजनकाट्याच्या चिपने जराही दाद दिली नाही.

बाबा: गुणी आहे. तुझी आई बोलायला लागली की मीही...

आई: (दारातून) मीही काय? वाक्य पुरं करा.

बाबा: मीही उठून फ्रिज लावणारच होतो.

आई: दूध नासलं तर त्या चिपलाच पाजा. ऑफिसात भिंती फोडतात म्हणून ही यंत्रं माझ्या घरात, आणि मी अंधाऱ्या मोरीत भांडी घासतेय.

मुलगी: आई, अर्धा तास. चारला आकडे पाठवायचेत.

आई: सकाळपासून हा तिसरा अर्धा तास. मी चालले शेजारी. तिथे दिवे तरी आहेत.

बाबा: गेली. आता सांग, अडलंय कुठे?

मुलगी: दुसऱ्या परीक्षेत. ही तार बाळांच्या वजनकाट्याकडे जाणारी. काट्याच्या जागी तिच्या आतल्या दोन्ही तारांची टोकं मी एकमेकांना जोडलीत, म्हणजे काट्यावर काहीच नाही असं. चिपने दहा मिनिटं शून्य दाखवून गप्प बसायचं. ही मधूनच थरथरते.

बाबा: आणि नाही बसली गप्प, तर?

मुलगी: तर आमचे साहेब त्यांच्या पसंतीची स्वस्तातली चिप घेणार. दीड किलोचं बाळ पाच ग्रॅम दूध प्यायलं, तर त्या चिपला पत्ता लागत नाही. हिला लागतो. मी सगळ्यांसमोर छातीठोक सांगून बसलेय.

बाबा: थरथरते कधी? माझ्या दुकानात काटा हलला की मी आधी काट्याकडे बघायचो नाही. गिऱ्हाइकाकडे बघायचो. निम्मे जण कोपर टेकून उभे असायचे.

मुलगी: इथे कुठलं गिऱ्हाईक? हे बघा, आत्ता हलली. तीन पस्तीस.

बाबा: तुला वेळ कशी कळली?

मुलगी: घड्याळात बघितलं.

बाबा: बघितलंस, आणि तुझा पाय हलायला लागला. टेबलाच्या आडव्या पट्टीवर. दहावीत खालच्या मजल्यावरचे तक्रार घेऊन आले होते, आठवतं?

मुलगी: अय्या. टेबल हलतं, तार हलते. तार हलली की तिच्यातच वीज उठते, कणभर. कणभर म्हणजे हिच्यासाठी चिक्कार. आणि मी सकाळपासून तीनदा चिप बदलली हो.

बाबा: चिप गरीब बिचारी. खरं बोलत होती. पाय खाली घे, मी तार धरतो. चिप लाव परत.

मुलगी: लावली. मोठ्या उड्या गेल्या.

बाबा: मग चेहरा का पाडलास?

मुलगी: बारीक लहर आहे अजून. एकसारखी. सेकंदाला पाच वेळा.

बाबा: पाय?

मुलगी: दोन्ही जमिनीवर. बाबा, तार सोडा बरं. आता धरा. परत सोडा.

बाबा: एकदा धरा म्हणतेस, एकदा सोडा म्हणतेस.

मुलगी: तुम्ही धरलीत की लहर येते, सोडलीत की जाते. दुकान डोळ्यांमुळे बंद केलं म्हणाला होतात.

बाबा: डोळ्यांना चष्मा मिळतो गं.

मुलगी: आईला माहीत आहे?

बाबा: ती मला कप अर्धाच भरून देते. विचारत नाही. मीही सांगत नाही.

मुलगी: मला का नाही सांगितलंत?

बाबा: तुझी यंत्रं एवढी बारीक मोजतात, म्हटलं कधीतरी कळेलच. पावणेचार झाले. दहा मिनिटं पाहिजेत ना तुला? मी बाहेर जाऊन बसतो.

मुलगी: कुठे जाऊ नका. तार मी चिकटपट्टीने बसवते. खुर्ची इकडे घ्या, टेबलापासून लांब. मीही घेते. हात द्या.

बाबा: कशाला? नासेल परत सगळं.

मुलगी: माझा पाय स्थिर राहत नाहीये. त्यावर ठेवा.

बाबा: बरं. ठेवला. किती झाली मिनिटं?

मुलगी: चार. सरळ रेघ आहे.

बाबा: अगं, पण आपण दोघंही हलतोय की.

मुलगी: हलू दे. टेबलाला कळत नाहीये.