कोमट बाटली

नाही, बसायचं नाहीये मला. उभीच बरी. दिवसभर इस्त्री घेऊन उभीच असते, त्यात आणखी थोडी. आणि पाणीही नको, ठेवा तिकडे. पाणी पाजून माणूस गार करायची युक्ती माझ्यापुढे नको मॅडम, मला गार व्हायचंच नाहीये आज. तुम्ही आधी मला सांगा, माझ्या भावाच्या लघवीत झोपेच्या गोळ्या सापडल्या असं ठरवलं कुणी? मशीनने? मग मशीन बिघडलंय तुमचं. तो दारुडा आहे — आहे, कोण नाही म्हणतंय, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे — पण गोळी? बारक्या आणि गोळी? अहो, डोकं ठणकलं तर कपाळाला रुमाल आवळून बसेल, पण गोळी गिळणार नाही. लहानपणी आई साखरेत कुटून द्यायची, तर साखर चोखून गोळी थुंकायचा. चाळिशी उलटली, अंगाने दाराएवढा झाला, सगळे अजून बारक्याच म्हणतात त्याला, आणि गोळी बघितली की अजून तेच वाकडं तोंड. आणि तुम्ही म्हणता दारू सोडून हा गोळ्यांवर गेला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती ही.

आणि आज म्हणे निर्णय. आज त्याला इथून काढणार आणि मागच्या इमारतीत टाकणार, दाराला कुलूप असतं तिथे. टाकणार नाही? दाखल करणार? बरं, दाखल. शब्द मऊ केला म्हणून कुलूप मऊ होतं का? बस डेपोतल्या साहेबाने त्याला ठेवून घेतलंय ते कशावर? दिवसा कामावर येतो, संध्याकाळी तुमच्याकडे येतो, रात्री घरी झोपतो, एवढ्यावर. तो कुलपात गेला की त्याच्या हातातला पाना दुसऱ्याच्या हातात जाणार. आणि नोकरी गेल्यावर तो राहील सुधारलेला? तुम्ही त्याला ओळखता ते आत्ता आत्ता, मी त्याला कडेवर घेऊन फिरलेय. त्याचं काय होईल ते मला विचारा.

दारू सोडवायची तुमची पद्धत मला पाठ आहे. आठवड्यातल्या चार संध्याकाळी तीन-तीन तास, गोल खुर्च्या मांडायच्या, आणि एकेकाने सांगायचं — आज कुठे घसा सुकला, कुठल्या कोपऱ्यावरून पाय वळत होते, कुणाचा फोन आला की हात शिवशिवतात. ठीक आहे. सांगा. पण रात्री त्याला पाठवता ना घरी? तीन तास तुमचे, उरलेले सगळे माझे. तुम्ही दिवा मालवून जाता, आणि मी कूस बदलल्याचा आवाज ऐकत पडते — उठला का, दार वाजलं का, मोरीत गेला की बाहेर गेला. तुमच्या या उपचारात पगाराशिवायची नर्स मी आहे, आणि निर्णय घेताना मला विचारलं का कुणी? — ते बघा. काचेतून बघा. आजही मांडतोय खुर्च्या! काढून टाकायला बोलावलंय त्याला, आणि हा शहाणा आधी येऊन गोल मांडतोय. घरी स्वतःचं ताट उचलून ठेवत नाही कधी.

आणि बोलत तरी कुठे? घरी विचारलं, कसा गेला दिवस, तर "ठीक". जेवलास? "हं." आणि इथे म्हणे आईबद्दल बोलता बोलता रडला. त्या चष्मेवाल्या मास्तरांनी सांगितलं मला, त्याच्याच ग्रुपातले ते, कपडे टाकायला आले होते — "ताई, काल तुमचा भाऊ फार छान बोलला." माझ्याच दुकानात, माझ्याच भावाबद्दल मला परका माणूस सांगतो! ज्या आईबद्दल रडला तिची उशापायथ्याशी बसून सेवा केली कुणी? मी. मग रडायचं कुणापुढे? राग नाही येणार माणसाला? आला. अजून आहे.

आणि ती तुमची भातुकली! एकाने रिकामा ग्लास पुढे करायचा, दुसऱ्याने "नको" म्हणायचं. मिशा पिकलेले बाप्ये, आणि "घे रे", "नको रे", "अरे एकच", "आज नको". मला तर हसावं की रडावं तेच कळेना. पण खोटं कशाला बोलू — परवा त्याचा तो डेपोतला दोस्त दुकानापाशी आला, दंडाला धरलं याच्या, चल म्हणाला. मी आत शर्टावर पाणी मारत होते. आणि हा शाळेत कविता म्हणावी तसा म्हणतो, "नको. आज नको. मला घरी जायचंय." शब्दन् शब्द इथला! दोस्त गेला. मी इस्त्री उभी करून ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. हसू आलं मला. वाफेने डोळ्यांत पाणी येतंच, ते सोडा.

सांगायचा मुद्दा काय, तो धडपडतोय. पडला तरी उठतोय. आणि तुम्ही वडाची साल पिंपळाला लावून त्याला गोळीबाज ठरवताय. साधा हिशोब आहे हो, त्या बाटलीत सापडायचीच असती तर दारू सापडली असती, गोळी कुठून —

काही नाही. उदाहरण दिलं. उदाहरण देऊ नये का माणसाने?

असे डोळे बारीक करून बघू नका माझ्याकडे. बरं. घेतली होती. रविवारी. डेपोतला एकजण रिटायर झाला, त्याच्या पार्टीला गेला, आणि तिथे तुमचं "नको, आज नको" कमी पडलं. आला तो चपला हातात घेऊन आला, मला जाग येऊ नये म्हणून. मी जागीच. पायरीवर बसला आणि म्हणाला, "ताई, घसरलो मी. उद्या ग्रुपमध्ये सांगून टाकतो." मी म्हटलं, वेडा आहेस का? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला? इतक्या दिवसांची मेहनत एका ग्लासासाठी पाण्यात घालणार? झाकली मूठ राहू दे. तर म्हणतो, "नाही ताई, तिथे सांगायचंच असतं." वर मलाच शिकवतोय! मी म्हटलं, तू गप्प बस. आजवर तुझं झाकलं कुणी? डेपोत फोन करून ताप आलाय सांगितलं कुणी? शेजाऱ्यांना पाय घसरून पडला सांगितलं कुणी? हेही मी बघते. सोमवारी तुमची बाटली असतेच — अचानक मागतो म्हणता, पण सुट्टीनंतर मागता हे शेंबड्या पोरालाही कळतं. दाराबाहेर तुमचा माणूस उभा असतो, तोंड फिरवून. बाटली हातात घेऊन फक्त बघतो गार आहे का. कोमट असावी लागते. तर त्यात काय, इस्त्रीखालून नॅपकिन काढला, घडी घातली, त्यात गुंडाळली की दुकानातून इथवर येईपर्यंत —

हो! माझी होती! माझीच! झालं समाधान? दुकानाच्या मागच्या मोरीत भरली आणि त्याच्या खिशात कोंबली. तो नको नको म्हणत होता, मीच कोंबली. मी म्हटलं, आपण आयुष्यात थेंबाला शिवलो नाही, आपल्याइतकं स्वच्छ काय असणार? आता कळलं तुमचं मशीन कसं खोटं बोलतंय ते? माझ्या बाटलीत कुठून येणार...

माझ्या बाटलीत.

अहो, त्या का गोळ्या आहेत? त्या डॉक्टरांच्या आहेत! आई गेली तेव्हा डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून दिल्या होत्या त्यांनी, पंधरा दिवसांसाठी. चांगले डॉक्टर होते. रिटायर झाले ते आता, मुलीकडे राहायला गेले. गोळ्या कोण देतं मग? मेडिकलवाला ओळखीचा आहे, मी दिसले की पट्टी काढून ठेवतो, चिठ्ठी मागत नाही, त्याला माहितीये ही घरंदाज बाई आहे. मी काय त्या घेऊन गटारात पडते? भांडणं करते? लोकांचे शर्ट जाळते? एकदाच जळला, तोही कॉलर नुसती. रात्रीची एक घेते मी. फक्त रात्रीची. आणि दुपारी गर्दी असली की अर्धी. अर्धी म्हणजे काय, चुरा असतो नुसता. तुम्ही म्हणजे ना, कुणालाही एका मापात घालता! ते पितात मजेसाठी आणि मी घेते ते सगळं अंगावर घ्यावं लागतं म्हणून. तो पीत होता तेव्हा दारापाशी बसून राहायचं कसं, सांगा ना, नुसतं बसून राहायचं कसं? तुमचं पुस्तक काय म्हणतं यावर?

आणि त्याने काय सांगितलं तुम्हाला? तुम्ही विचारलं तेव्हा? "असेल"? "मी घेतली असेल" म्हणाला? गाढव! एकदा तोंड उघडायला काय झालं होतं? घरी आला, म्हणाला, "ताई, गोळ्या सापडल्या म्हणे," आणि मोरीवरच्या फळीकडे बघितलं. एवढंच. जेवला आणि झोपला. फळीवर डब्यामागे पट्टी असते हे त्याला कधीपासून माहीत? आणि मग बोलला का नाही? मी त्याच्या बाटल्या मोजत बसले, आणि हा मेला माझ्या... सोडा.

आता माझं ऐका. चूक माझी, पत्र लिहून देते, अंगठा देते, काय हवं ते. त्याला राहू द्या इथे. काय? रविवारचं त्याने येऊन सांगितलं असतं तर काढलंच नसतं? घसरण्यासाठी कुणाला काढत नाही? लपवण्यामुळे सगळं बिघडलं? मग हे आधी सांगता येत नव्हतं तुम्हाला! सांगितलं होतं? कधी? घरच्यांना बोलावता त्या शनिवारी? मी होते की त्या शनिवारी, पुढेच बसले होते, भिंतीला टेकून — जरा डोळा लागला होता माझा. दमलेला माणूस डुलकी घेणारच. मास्तरांच्या बायकोने हलवून उठवलं, तेव्हा सगळे पांगले होते.

हात? हो, कापतोय. जड इस्त्री आहे, कोळशाच्या काळातली सवय, मनगट जातं. नाही, एवढा नाही कापत रोज. आज नाही घेतली म्हणून असेल. तुमच्याशी भांडायचं तर डोकं जागेवर हवं, म्हणून म्हटलं आज सकाळची घ्यायचीच नाही — बघा, सोडता येते की नाही मला! मनात आणलं की सोडली. हो, सकाळची. सकाळचीही असते कधी कधी. काल रात्रीची पण नाही घेतली. एकदम सोडायची नाही? धोका असतो? आता हे बरं आहे! त्याला म्हणता एक घोट घ्यायचा नाही, आणि मला म्हणता सोडू नको! डॉक्टरांना विचारून हळूहळू? कुठल्या डॉक्टरांना? इथल्या? मी नाही हो तुमच्या डॉक्टरांपुढे बसणार. मी घरची आहे. मी आणायला-सोडायला येते. आजारी तो आहे.

मग तो राहतोय ना? तेवढं सांगा, मी निघते. दुकानाचं शटर अर्धंच ओढून आलेय. स्वतःच्या तोंडाने आज ग्रुपमध्ये सांगेल, मग बघू? सांगेल तो. सोमवारीच सांगणार होता, मीच गळा धरला त्याचा. चला, बरं झालं. मास्तर आले वाटतं. ग्रुपातली ती रिक्षावाली मुलगीही आली. भरला गोल. मग हा अजून काय ओढाताण करतोय? सगळ्यांना बूड उचलायला लावलंय, सरका म्हणतोय. कोपऱ्यातली ती निळी खुर्ची कशाला आणतोय? नवीन कुणी येणारे का आज? तुम्ही बोलला होता त्याला काही? नाही? मग त्याच्या शेजारी जागा कुणाला?

नाही. नाही नाही मॅडम. मला गिऱ्हाइकं आहेत. हॉटेलच्या चादरी-टेबलक्लॉथ पडलेत ढीगभर. त्याला सांगा, ताई म्हणते ती खुर्ची उचल. बघतोय कसा काचेतून, शरम नाही? बारक्या, उचल ती आधी! ऐकतोय का? आणि तुम्ही दार कशाला उघडताय? मी हो म्हटलंय का? थांबा. थांबा जरा. ते पाणी द्या आधी इकडे.

नाही, ग्लास तुम्हीच धरा.