गरम झालं नाही म्हणे

...गरम काहून होईन? मले तुम्हीच सांगा, गरम काहून होईन? ते गरम होऊ नये म्हणूनच त अख्खं वरीस घासलं ना मी. अन् हे शरच्चंद्र सर, आमचे गाइड, प्रोजेक्टच्या परीक्षेत येतात, ताप पाहावा तसं माह्या सर्किटवर बोट ठेवतात, अन् म्हणतात, "थंड आहे रे. बंद आहे हे."

तुम्हाले सांगतो, आमच्या कॉलेजात सर्किट चालू का बंद, हे बोटानं ठरते. मीटर आहेत, कपाटात, कुलपात, अन् चाबी ज्याच्यापाशी तो सुट्टीवर. म्हणून बोट. पोळलं त पास. पोरंही पक्की, परीक्षेच्या आधीपासूनच सर्किट लावून ठेवतात, चांगलं भाजलं पाहिजे.

माहं काय होतं, ऐका. ऑप-अँप, बारीक आवाज मोठा करणारं. त्याचा शेवटचा टप्पा, आउटपुट स्टेज, तो इअरफोनले धक्का देते. लॅबच्या जुन्या फाइलीतला टप्पा कसा, त आवाज असो नसो, करंट पिऊनच राहिला. थेट आमच्या सरांसारखा... लेक्चर असो नसो, केबिनमधे एसी चालू, चहा चालू, हालचाल काही नाही. मी दोन ट्रान्झिस्टर जोडीनं बसवले, एक ढकलते, एक ओढते. आवाज नसला त दोघं जेमतेम जागे, आवाज आला का लागन तेवढंच खातात, अन् पुन्हा गप. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाते ना, तिथं आवाज फाटे, ते निस्तरण्यात माहा हिवाळा गेला. आता असं सर्किट गरम काहून होईन?

अन् हे कोणासाठी? बापासाठी. देवराव नाव त्याचं. खाणीत ड्रिल मशीनवर कान गेले. कानाचं मशीन आहे त्याच्यापाशी, पण ते सेल असा खाते का बाबा फक्त पाहुणे आले का चालू करते. आमच्यासाठी बंद. आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरी मी जेवताना बाबाले मीठ मागतो, त तिसऱ्या घरच्या भीमाबाई मीठ घेऊन येतात.

त परीक्षेले मी बाबालेच घेऊन गेलो. माइक सरांसमोर टेबलावर, एक इअरफोन बाबाच्या कानात, एक माह्या. सरांनी बोट लावलं, थंड. बाहेरून आलेल्या परीक्षकानं लावलं, थंड. मी म्हटलं, सर, गरम काहून होईन, तेच त...

"तू मधे बोलू नको."

मग दोघं टेबलावर झुकले, अन् शरच्चंद्र सर हळूच, एकदम हळूच, परीक्षकाले म्हणतात, "सीट मिळून जाते हो यांना. डोकं कुठून आणणार? वरून बापालाही घेऊन आलाय."

साफ ऐकू आलं. एक अक्षर फाटलं नाही. इतका स्वच्छ आवाज त्या सर्किटातून मीही पहिल्यांदाच ऐकला.

बाबा सरांकडे पाहून राहिला होता. परीक्षक त्यातल्या त्यात भला, मोठ्यानं, हातवारे करून इचारते, "काका... काही... ऐकू आलं का?"

आता बोलन, मले वाटलं. एक शब्द बोलला असता त मी पास. बाबानं इअरफोन काढला, वायर नीट गुंडाळली, हात जोडले.

"नाही जी साहेब. काहीच नाही."

लिहिलं त्यायनं. नापास.

गेटबाहेर मी भडकलो, बापावरच. "काहून खोटं बोलला तू? जन्मभर हात जोडूनच राहाचं का तुम्ही लोकायनं?" बाबानं खिशातलं जुनं मशीन काढलं, कानात घातलं, चालू केलं. पाहुणा कोणी नव्हता, मीच होतो.

"आता बोल," म्हणे.

मी पुन्हा सगळं बोललो, पण पहिल्यासारखं जमलं नाही.

"आलं म्हटलं असतं," बाबा म्हणते, "त काय ऐकू आलं तेही इचारलं असतं ना गा त्यायनं. मग कोण सांगणार होतं? तू का मी?"

आता लोकं इचारतात, रोशन, कॉलेज काहून सोडलं गा? मी सांगतो, सर्किट चाललं नाही.